होडी बाहेर हाय तवर

पंतप्रधानाने आमच्या पाड्याचं नाव घेतलं. चुकीचं घेतलं, पण घेतलं. खुंटेपाड्याचं त्याने कुंटेपाडा केलं, जणू तिथे घरोघर डॉक्टर-वकील राहतात, आणि मान वर न करता कागदावरच्या पुढच्या गावाला गेला. बोईसरजवळच्या सालवडच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसं टीव्हीसमोर बसलो होतो. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मी बघितलं नाही. माझ्या मानेपासून खाली, पाठीच्या कण्यावरून काहीतरी गार सरकत गेलं, मासळीच्या टोपलीतला बर्फ वितळला की उतरतं तसं. चाळीस वर्षं मी डोक्यावर टोपली वाहिली, ते गार पाणी माझ्या ओळखीचं. पण त्या दिवशी डोक्यावर टोपली नव्हती. मी हात मागे नेऊन चाचपून बघितलं. पदर कोरडा होता.

बुधवार होता. खासदाराच्या पालघरच्या माणसाने रामाला सांगून ठेवलं होतं, बुधवारी अकराला तुमच्या पाण्याचा प्रश्न लागणार, टीव्हीवर दिसेल, बघा. रामा माझा धाकटा. थोरला जिव्या होडी चालवतो, हा बोईसरच्या कारखान्यात कापड रंगवतो. एकाच्या अंगाला दर्याचा वास आणि दुसऱ्याची नखं आज निळी, उद्या तांबडी. पोटात एकत्र नव्हते, पण एकाच पोटातले, हे लोकांना सांगावं लागतं. टीव्ही रामाच्या सोबत्याचा, भगवंतचा. तो सोलापूरकडचा, त्याची बायको सोजराबाई. टीव्हीला तिने लोकरीची झालर विणून घातली होती, त्यामुळे पंतप्रधानाच्या कपाळावर सारखी एक गुलाबी दोरी लोंबत होती. आणि पाचवी नवसी, रामाची बायको, माझी धाकटी सून. ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती आणि बाहेरच्या मोरीतल्या नळाकडे बघत होती. नळ बंद होता. बंद नळाकडे माणूस असं बघतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे बघायला बंद नळसुद्धा नाही.

शेजारची खोली रिकामी होती. नवसीला ती हवी होती. सालवडला नळ सकाळी एक तास येतो आणि संध्याकाळी एक तास, आणि आमच्या पाड्यावरून विहिरीचं गोडं पाणी आणायचं तर खाजणातून, मिठागराच्या बांधावरून, दीड कोस जायचं आणि दीड कोस यायचं. दिवाळीत ती मला म्हणाली, आय, आमी सालवडला जातो. रडून नाही, भांडून नाही. सरळ. मला असं सरळ बोलणारं माणूस आवडतं आणि ते आपल्या घरात असलं की परवडत नाही. मी तिला शब्द दिला. दिल्लीचं उत्तर येऊ दे, नळ मिळाला तर तू राहशील, हुकला तर जाशील, मी आडवी येणार कुठं? माझं घर अकरा ताटांचं. नवसी, रामा आणि त्यांची दोन पोरं गेली की सात. अकरा ताटं मांडताना जो आवाज होतो तो सात ताटांचा होत नाही. मी सात ताटांची घरं ऐकलीत, तिथे माणसं हळू बोलतात. म्हणून मी त्या दिवशी नवं लुगडं नेसून, बोंबलाची एक जुडी सोजराबाईला भेट घेऊन, पहिल्या गाडीने सालवडला आले होते. नळ मिळणार याची मला खात्री होती. मी ज्या गोष्टीसाठी नवं लुगडं नेसते ती गोष्ट होते.

आमच्याजवळच्या अणुविजेच्या पावरहाऊसचं खातं पंतप्रधानाच्याच हातात असतं म्हणे. म्हणून आसपासच्या पाड्यांचं पाणी विचारलं तरी उत्तर त्यानेच द्यायचं. मला ते योग्य वाटलं. घरातलं मीठ संपलं तरी उत्तर मलाच द्यावं लागतं. मी त्याला नीट बघून घेतला. भुवया जाड, आवाज बसका, अंगावर चॉकलेटी जाकीट, आणि पुढ्यात झाकण घातलेला पाण्याचा पेला. समोर शेकडो माणसं, अर्धी त्याच्या बाजूची, अर्धी त्याच्या वाईटावर. एकजण उठतो, विचारतो, बसतो. हा उठतो, कागद वाचतो, बसतो. सोजराबाई म्हणाली, "काय सारखं ऊठबस करत्यात, गुडघं दुखत नसतील व्हय?" पण मी बघत होते त्याच्या डाव्या हाताकडे. उत्तर देताना तो डाव्या हाताने पेल्यावरचं झाकण फिरवत होता, उगाच, गोल गोल. मी घरात उत्तर देते तेव्हा पदराचं टोक असंच फिरवते. अकरा माणसांचं सरकार काय आणि नव्वद कोटींचं काय, टोक फिरवल्याशिवाय चालत नाही. तेवढ्यापुरता तो मला जवळचा वाटला. आणि मग तो म्हणाला, कुंटेपाडा, गोडं पाणी आहे, बारमाही आहे, तक्रार निरंक. हिंदीत म्हणाला, पण बोईसरच्या बाजारात बिहारी-भय्यांना मासळी विकून मला सगळं हिंदी येतं, घासाघीस करण्याइतकं आणि शिव्या देण्याइतकं, आणि सरकार चालायला त्याहून जास्त लागत नाही. आहे, आहे, आहे. माणूस सगळ्याला 'आहे' म्हणतो. मला वाटलं, याची पण होडी बाहेर असणार.

हे मी मनात गमतीने म्हटलं आणि तिथेच ते गार पाणी पाठीवरून उतरायला लागलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा चौदाची. दुसऱ्या दिवशी सासूने चुलीपाशी बसवलं आणि सांगितलं, "होडी बाहेर हाय तवर त्यो शब्द गिळायचा. दर्याला एकच शब्द कळतो, आनि त्यो पहिला आपल्याच घरातून ऐकतो." मी विचारलं, कुठला शब्द? ती जीभ चावून केरसुणीकडे बघायला लागली. मला अर्धा दिवस लागला कळायला. शब्द म्हणजे 'नाय'. पुरुषांना सूट, पोरांना सूट, घरच्या बाईला नाही. मीठ हाय का? दुकानात हाय. तांदूळ? भरायचे हायेत. पोराचा ताप उतरला? उतरंल. बाबा आला? येतोय. सगळ्या जगाला 'हाय'मध्ये बसवायचं. लोक म्हणतात राहीबायची जीभ धारेची आहे. अहो, धार लागणारच, सरळ रस्ता बंद केलेला असताना चाळीस वर्षं ती वळणावळणाने चाललेली आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आमच्या बाया भांडायला मोकळ्या. आषाढात आमच्या पाड्यावरून जा, नाय नाय नाय नाय, बेडकांसारखं. नारळ दर्यात पडला की चिडीचूप. एकदाच चुकले. सव्वीस वर्षांची होते, बांगडीवाला दारात आला, आणि पोर काखेत, दूध उतू चाललेलं, तोंडातून निघून गेलं. नाय, पुढे जा. त्या खेपेला नवऱ्याच्या उजव्या हाताचं एक बोट दोरात सापडून तुटलं. सासू म्हणाली, एका शब्दाला एक बोट, स्वस्तात सुटलीस. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली, घरात, अंथरुणावर, दर्याचा काही संबंध नाही. पण त्या बोटाची जागा मला अजून हाताला लागते. जेवताना वाढायला वाकले की समोर चार बोटं येतात. लिहिताना तो शब्द चालतो, असं मी धरलंय. लिहिलेलं दर्या ऐकत नाही, तो माझ्याइतकाही शिकलेला नाही, आणि मी दुसरी पास आहे.

आणि दोन वर्षांपूर्वी, फाल्गुनात, सुकट वाळत घातलेली, कारकून आला. छत्री, सुटलेलं पोट, काखेत तक्त्यांचं बाड. पावरहाऊसच्या आसपासच्या पाड्यांची पाहणी करतो म्हणाला. बायका बोंबील वाळत टांगायच्या वलांडीपलीकडे उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावून, कारण पाड्याच्या वतीने बोलायचं ते मी. तो माझ्या ओटीवर बसला. घामाने त्याच्या शर्टावर भारताचा नकाशा झाला होता. मी आत हाक मारली, पाणी आन. नवसी नुकतीच बांधावरून आली होती, कळशी अजून डोक्यावरून उतरवत होती. तिने तांब्या भरून दिला. तो एक तांब्या प्याला, दुसरा प्याला, तिसऱ्याने मान धुतली. मान धुतली. नवसी चौकटीत उभी राहून बघत होती, पाणी त्याच्या कॉलरमधून माझ्या सारवलेल्या ओटीवर गळत होतं आणि ओटी ते पीत होती. "पाणी गोड आहे हो तुमचं," तो म्हणाला. मी म्हणाले, "खुंटेपाड्याचं हाय." जिव्याची होडी त्या दिवशी बाहेर होती, दुसरा दिवस. गोड्या पाण्याची सोय आहे? हाय. बारमाही? बारमाही. काही अडचण, काही तक्रार? आता इथे दुसरं कोणी असतं तर फसलं असतं. मी म्हणाले, "दर्या शांत हाय." त्याने काहीतरी लिहिलं आणि अंगठ्याची डबी काढली. ती मी त्याच्याकडे परत सरकवली आणि सही केली. पूर्ण नावाने, काना-मात्रा कुठे न चुकता. त्याला ते आवडलं. मला त्याचं आवडणं आवडलं. तो गेल्यावर नवसीने कळशी उचलली, रिकामी, आणि एक शब्द न बोलता पुन्हा बांधावर गेली. दुपारचे बारा वाजलेले. मी तिच्या टाचा बघत राहिले. मिठाने फुटलेल्या टाचा, पांढऱ्या, जुन्या नांगरासारख्या. मग मी सुकट उलटवायला गेले.

टीव्हीवर आमचा खासदार पुन्हा उठला होता. चांगला माणूस, जरा तोतरा, पण उठला. म्हणाला, मला तर तिथल्या बायका सांगतात की दीड कोस चालावं लागतं. आता पंतप्रधान अडकला, असं भगवंत म्हणाला आणि मांडी घालून पुढे सरकला. पंतप्रधानाने झाकण फिरवायचं थांबवलं. मागून कोणीतरी एक चिठ्ठी पुढे केली, ती हातोहात त्याच्यापर्यंत आली, आणि त्या चिठ्ठीचा प्रवास मी माझ्या दोन्ही डोळ्यांनी बघितला, चार हात, पाच हात, पांढरा कागद, आणि मला माहीत होतं त्यात काय आहे. सगळ्या देशात मला एकटीला माहीत होतं. त्याने ती वाचली. घरोघर जाऊन पाहणी झाली आहे. गावातल्या वडीलधाऱ्या बाईने स्वतः, स्वतःच्या सहीने, माहिती दिली आहे. आमच्या कर्मचाऱ्याने ते पाणी स्वतः पिऊन पाहिलं आहे. इथे तो थांबला, जाड भुवया वर गेल्या, आणि म्हणाला, "आणि पाणी गोड असल्याची नोंद आहे." सगळं सभागृह हसलं. दोन्ही बाजूंचं. त्याच्या वाईटावरची माणसंसुद्धा हसली. मग त्याने झाकण काढलं, पेल्यातलं पाणी प्याला, आणि म्हणाला, तेव्हा नळाचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि खाली बसला. खोटं बोलला असता तर मी त्याला ओळखलं असतं, लाज वाटली असती त्याची, घरी येऊन मजेत शिव्या दिल्या असत्या. तो खरं बोलत होता. माझ्या शब्दाला तो तिथे शेकडो माणसांपुढे उभा राहिला होता. माझ्या घरात माझ्या शब्दामागे असं कोणी उभं राहिलेलं मला आठवत नाही.

"बंद कर त्यो," रामा म्हणाला. भगवंतने टीव्ही बंद केला. पडद्यावर एक ठिपका राहिला, तो पण गेला. "खोटारडे सगळे," रामा म्हणाला. "कोन बाई? आय सोडून आपल्या पाड्यात सही करनारी बाई कोन हाय?" सोजराबाई म्हणाली, "आवो काय न्हाई, कागदावर कुनाचाबी अंगटा उटवत्यात." ती बाई बोलताना दहादा न्हाई म्हणते आणि दर वेळी माझ्या बोटांची पेरं आखडतात, कारण जिव्या कालपासून बाहेर होता. मी तिला एकदा समजावलं होतं, ती म्हणाली, बरं मावशी, आता न्हाई म्हणनार. भगवंतचं म्हणणं, कोणीतरी काहीतरी खाल्लं असणार. रामा म्हणाला, "पारूआजी असंल. तिला ऐकू येत नाय, तिला कायपन विचारलं तरी हाय हाय करते. तिच्याकडून सही गिरवून घेतली असंल. आज जाऊन तिला धरतो, खासदाराकडे नेतो, सगळ्यांपुढे बोलायला लावतो, मी खोटं सांगितलं म्हनून." पारू माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, कानाने गेलेली, तोंडात तीन दात, तिच्यावर आळ आला तर तिला तो ऐकूसुद्धा जाणार नाही. ती हसेल. हाय हाय म्हणेल. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला कुठलाही शब्द लागत नाही.

नवसी माझ्याकडे बघत नव्हती. ती नळाकडेच बघत होती. पण तिची पाठ ऐकत होती. त्या दिवशी चौकटीत ती होती, कळशी तिची होती, 'दर्या शांत हाय' हे तिने ऐकलं होतं. नळासाठी अर्ज लिहिला तेव्हा, खासदाराच्या माणसाकडे गेलो तेव्हा, दिवाळीत मी शब्द दिला तेव्हा, दोन वर्षं ती हे पोटात ठेवून रोज दीड कोस गेली आणि दीड कोस आली. नवऱ्याला सांगितलं असतं तर माझं सरकार एका दिवसात पडलं असतं. का सांगितलं नाही? माझी कीव केली? त्या विचाराने मला इतका राग आला की कानशिलं गरम झाली. माझ्या घरात माझी कीव करायची परवानगी मी कोणाला दिलेली नाही.

"आय," रामा म्हणाला, "तू सांग, पारूआजीच ना?"

मला नाही म्हणायचं असतं तरी म्हणता येत नव्हतं. होडी बाहेर होती. मी नाय, असं म्हणायला तोच शब्द लागतो. हसू आलं मला. चाळीस वर्षांची वळणं होती माझ्याकडे, त्यातलं एक पुरलं असतं. पारू म्हातारी हाय. झालं. खरं पण झालं आणि काम पण झालं. वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, कावळा वलांडीवर बसतो तसं. आणि मी त्या चॉकलेटी जाकिटाचा विचार केला. त्या माणसाने कोणाचा तरी शब्द धरून सांगितलं आणि लोक हसले, आणि उद्या कोणी त्याला विचारलं तर तो म्हणेल, त्या बाईने सांगितलं. बरोबर म्हणेल. मग ती बाई काय म्हणेल? त्याच्या मागून चिठ्ठी पुढे करायला माणसं होती. माझ्या मागे भिंत होती, तिच्यावर सोजराबाईचं कॅलेंडर.

"मीच होते," मी म्हणाले. "कारकुनाला पानी पाजलं ती मी. हाय हाय बोलले ती पन मी. सही पन माझी, गिरवलेली समजू नको."

 रामा पोरगा चांगला, त्याने मला वाट काढून दिली. "होडी बाहेर होती म्हनून ना, आय? त्या शब्दासाठी?"

तेवढं धरलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांना पटलं असतं, पाड्यातल्या प्रत्येक बाईने मान डोलावली असती. पण नवसीची पाठ अजून ऐकत होती. मी म्हणाले, "होडी बाहेर होती. पन पानी दीड कोसावर हाय, असं बोलायला दर्याची बंदी कुठं होती? तेवढं मला बोलता येत होतं. परका मानूस माझ्या ओटीवर बसला होता, त्याला कसं सांगू माझं घर तान्हेलं हाय?"  सोजराबाईलासुद्धा तिचा शब्द सापडला नाही. नवसीने मान वळवली. "तुमी बोलताय का, ते बघत होते," ती म्हणाली. एवढंच. कीव नव्हती. हिशेब पण नव्हता. बघत होती, मी बघते तशी. माझ्या लक्षात आलं की ही माझ्यानंतरची आहे, आणि ती सालवडला चालली आहे.

"खोली घ्या," मी रामाला म्हणाले. "शब्द दिलेला हाय. आनि मला पालघरची एसटी कितीला?"

नवसी सोबत आली. तिला मी बोलावलं नव्हतं. बोईसरच्या स्टँडवर ती माझ्यापेक्षा आधी चढली आणि खिडकीची जागा धरून ठेवली. खासदाराच्या ऑफिसात तोच माणूस होता, रामाला भेटायचा तो, टेबलावर तीन शिक्के आणि चहाचा डाग. त्याने पण टीव्ही बघितला होता. म्हणाला, आजी, आता अवघड आहे, सभागृहात उत्तर गेलं.  मग म्हणाला, एक होऊ शकतं, ज्या बाईने माहिती दिली तिनेच येऊन दुरुस्ती लिहून दिली तर साहेब पुन्हा विचारू शकतील, पण ती बाई कुठे शोधायची. मी म्हणाले, "बसली हाय तुमच्या पुढ्यात. लिवा." त्याने कागद घेतला, कार्बन घातला, आणि तेच, दोन वर्षांपूर्वीचं, तसंच विचारलं. गोड्या पाण्याची सोय आहे का?

नवसीने माझा दंड धरला. "आय, आज ऱ्हाऊ द्या. होडी आल्यावर येऊ. शनिवारी येऊ." तिचा हात गार होता. मला हे कळलं नव्हतं की ती पण मानते. वाणगावची, शेतकऱ्याची पोर, तिच्या माहेरी होडी म्हणजे चित्रातली. आणि तरी आठ वर्षांत तिच्या तोंडून माझ्या घरात तो शब्द मी ऐकलेला नाही, हे मला तेव्हा आठवलं. दीड कोसाच्या वाटेवरसुद्धा नाही. तिच्याकडेही वळणं जमली असतील. मी जिव्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला आणि आला त्याच्या बापाचा हात, चार बोटांचा, भाताकडे येणारा. शनिवारी बोलता आलं असतं. शनिवारी होडी काठाला असताना बांगडीवाल्यालाही बोलता येतं. "होडी आल्यावर बोलले तर त्यो शब्द कुनीपन बोलंल," मी तिला म्हणाले.

"नाय," मी म्हणाले.

पंखा फिरत होता. बाहेर रिक्षावाला कोणाला तरी ओरडत होता. माझे कान दर्याच्या बाजूला गेले होते, पण पालघरच्या त्या ऑफिसातून दर्या ऐकू येत नाही, तिथे नुसती कागदांची फडफड. टेबलापलीकडचा माणूस कार्बन सारखा करत होता. "काय म्हणालात?"

"नाय. पानी नाय. खुंटेपाड्यात गोडं पानी नाय." पहिल्यांदा, सव्विसाव्या वर्षी, तो शब्द माझ्या तोंडातून पडला होता. दुसऱ्यांदा मी तो बोलले.

"मग आधी आहे म्हणून का सांगितलंत? कारण लिहावं लागतं."

"लिवा, बाई गर्विष्ठ हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं, नवसीकडे बघितलं, आणि लिहिलं, माहिती गैरसमजाने दिली गेली. मी वाचून घेतलं. सरकारात गर्वाचा रकाना नसावा, किंवा सगळ्यांनाच असल्यामुळे वेगळा लिहीत नसतील. मी सही केली. पूर्ण नावाने. काना-मात्रा जागच्या जागी.

पाड्याजवळच्या नवापूरच्या फाट्याला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत नवसी म्हणाली, रविवारी सामान नेतो, पोरांची शाळा तिकडे बघायला लागंल. मी म्हणाले, पितळेची कळशी ने, सालवडच्या नळाला बादल्या चालतात, पण घरात एक कळशी असावी. घरी पोचल्यावर तिने लुगडं खोचलं, चुंबळ केली, कळशी घेतली, आणि निघाली, कारण दिल्लीत काहीही ठरलं तरी संध्याकाळचं पाणी आणायचंच होतं. मी दुसरी कळशी घेतली. बारा वर्षांत मी त्या वाटेला गेले नव्हते. सासू झाल्यावर कोणी जात नाही. वलांडीपलीकडच्या बायका बघत राहिल्या. बघू देत. खाजण वाळून भेगाळलं होतं, चिखलाच्या खपल्या पायाखाली मोडत होत्या, आणि बांधावर मीठ, सगळीकडे मीठ, चावणारं. दीड कोस मला माहीत होता, पण पायांना नव्हता. नवसी माझ्यासाठी हळू चालली नाही, याचं मला बरं वाटलं. बांधाच्या मध्यावर, जिथून खाडीचं तोंड आणि त्यापलीकडे दर्या दिसतो, तिथे ती थांबली. पुढे बघतच म्हणाली, "आय, तुमची नजर लांबची. होडी दिसते का?"

मी डोळ्यांवर हात धरला. पाणी चकाकत होतं. तीन शिडं होती, दोन नवापूरची, एक कोणाचं तरी, आपल्या होडीचं पिवळं ठिगळ कुठल्याही शिडावर नव्हतं. मी पुन्हा बघितलं. घाई केली नाही.

"अजून नाय," मी म्हणाले.

तिने चुंबळ सारखी केली आणि आम्ही विहिरीकडे निघालो.